बाळाच्या गालावरची तीट

मित्रांनो, जवळ या, पण हात लावू नका. मी एक जुनं तैलचित्र आहे. येशूबाळाचा जन्म माझ्यात रंगवला आहे. काळोखा गोठा, वाकून पाहणारे मेंढपाळ आणि माता मरियम. माझ्यात दिवा कुठेच नाही. सगळा उजेड बाळाच्या अंगातूनच येतो. इटलीतल्या एका चित्रकाराने रंगाचे पातळ थर एकावर एक चढवून तो उजेड आणला.

कित्येक पिढ्या मी चर्चमध्ये होतो. लोक माझ्यापुढे गुडघे टेकत. मग अडगळीत पडलो, लिलावात विकला गेलो आणि दुबईला खैरुद्दीनशेठांच्या चित्रदालनात आलो. शेठ मूळचे रत्नागिरीचे. माझ्यापुढे आले की ते आवाज खाली आणत.

यंदाच्या ऑगस्टमध्ये गोदामाचा एसी बंद पडला. दमट हवा मला मानवत नाही. म्हणून शेठांनी मला राजाभाऊंच्या करामा भागातल्या घरी पाठवलं. राजाभाऊ त्यांच्याकडे चित्रांची ने-आण सांभाळत. त्यांच्या पत्नी शोभनाताई व्रतवैकल्यं करणाऱ्या. समईची धग मला लागू नये म्हणून त्यांनी देवघरच सरकवलं. मी किती निश्चिंत होतो!

त्या रविवारी त्यांच्या नातवाचं, कैवल्यचं बारसं झालं. पाळणा म्हणून झाल्यावर बायकांनी कैवल्यचं कौतुक केलं आणि माझ्या बाळाचंही. त्या गेल्यावर शोभनाताईंनी नातवाला काजळाची तीट लावली. बोटावर थोडं काजळ उरलं होतं. त्या माझ्याकडे वळल्या.

"एवढ्या जणींनी पाहिलंय रे तुलाही," त्या हळूच म्हणाल्या आणि येशूबाळाच्या गालावर तीट लावली.

मी अवाक झालो. इतक्या वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. पण खरा धक्का पुढेच होता. राजाभाऊ खोलीत आले, त्यांचा चेहरा पांढरा पडला. दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक येणार होतं. त्यांनी कैवल्यचा ओला वाइप ओढला आणि घासलं. काजळ गेलं. त्याच्यासोबत गालाचा उजेडही गेला. तिथे नुसता करडा डाग उरला.

मग राजाभाऊ म्हणाले, "दमट हवेने रंग सुटला असं सांगू. नोकरी जाईल गं माझी."

"उद्या माझा सोमवार आहे," शोभनाताई म्हणाल्या. "खोटं पोटात ठेवून उपास कसा करू? मी येते तुमच्याबरोबर."

सोमवारी दालनात दोघांकडून सगळं ऐकून शेठ खुर्चीत बसले, ते उठेचनात. गिऱ्हाईक परत गेलं. शेवटी त्यांनी विचारलं, "वहिनी, काजळ घरचं होतं?"

"हो, तुपाच्या दिव्यावर धरलेलं."

"माझी आईपण आमच्या लेकीला, सफाला लावायची." मग ते राजाभाऊंकडे वळले. "काजळ आपल्या चित्रदुरुस्तीच्या कारागिराने कापसाने अलगद उचललं असतं. पुसायच्या आधी एक फोन का नाही केलात?"

राजाभाऊंची नोकरी राहिली, पण चित्रांना हात लावायचं काम गेलं.

कारागीर आता तो डाग भरेल. पण त्या चित्रकाराचा हात कुठून आणेल? मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया करा, पण आधी विचारून. आणि चुकलंच काही, तर घाबरून पुसू नका. हात मागे घ्या आणि सांगा.

शोभनाताई अजून सोमवारी मला पाहायला येतात. देवापुढे जोडायचे ते हात पाठीमागे घट्ट धरून उभ्या राहतात.