मागल्या दारची रांगोळी

मित्रांनो, मी एक जुनी बखळ आहे. घरांच्या पाठीमागं ओस पडलेल्या जागेला बखळ म्हणतात. भोरच्या बाजारपेठेमागं, अरुंद बोळातून आत आलात की मी दिसते. दिसते म्हणजे, आधी बाभळी दिसतात.

एकेकाळी माझ्यावर म्हशींचा गोठा होता. दुपारी त्या रवंथ करत बसल्या की मला भरल्या घरासारखं वाटायचं. म्हशी गेल्या, गोठा बसला. मग आजूबाजूची मागली दारं तेवढी माझ्याकडं उघडायची, तीही खरकटं टाकण्यापुरती. फुटकी कौलं, मोडकी सायकल, सगळ्यांना मी पदरात घेतलं. पण एखादं पुढलं दार माझ्याकडं उघडावं, त्यासमोर सडा-रांगोळी व्हावी, ही आस काही सुटली नाही.

यंदा माझ्या मालकिणीच्या, बनाबाईंच्या मुलांनी इथं दोन नवी घरं बांधायचं ठरवलं. थोरला धनाजी आणि धाकटा कुंडलिक यांचं बोलणं बंद होतं. घरांचे नकाशे काढणाऱ्या शिवानीताईंना दोघांनी वेगवेगळं गाठून एकच सांगितलं, "दारं समोरासमोर नकोत." मधल्या अंगणातून उजेड येईल, पोरं खेळतील, असं ताईंनी परोपरीनं समजावलं. शेवटी घरं पाठीला पाठ करून आखली. संध्याकाळी चुन्याच्या फक्कीनं माझ्यावर रेघा ओढल्या. मधल्या पट्ट्यात पुन्हा दोन मागली दारंच. मी गप्प राहिले. जमिनीला दुसरं काय येतं?

सकाळी सगळे आले, तर रेघा गायब. मधोमध शेणाचा सडा आणि त्यावर ही एवढी रांगोळी. शेजारी बादली घेऊन बनाबाई.

"आई, फक्की पुसलीस की गं," धनाजी म्हणाला.

"फक्की व्हय ती? मला वाटलं, या पोरीनं रांगोळी अर्धीच सोडली. म्हणलं, पुरी करावी."

"एवढी मोठी?" कुंडलिक म्हणाला.

"दोन दारांची हाय. मोठी नगं?"

शिवानीताई वाकून रांगोळी बघत राहिल्या.

"दुसरं पोतं आणाय लागंल फक्कीचं," धनाजी पुटपुटला.

कुंडलिक त्याच्यामागं निघाला. "थांब दादा, मीबी येतो. तुझी कंबर धरती."

नव्या रेघांत दारं समोरासमोर आहेत. भिंती अजून उठायच्या आहेत. बोळात पाऊल वाजलं की मी कान देते. त्या रांगोळीचा एक ठिपका दगडाआड उरलाय, तो मी जपलाय.

मित्रांनो, तुमच्या घरामागंही अशी एखादी असेल. खरकटं टाकायला जाल, तेव्हा हात जरा आवरा आणि घडीभर तिच्याकडं तोंड करून उभे राहा. आम्ही पाठी फार पाहिल्यात.