आईच्या हातचं तेल

मी एक जुनी लोखंडी कढई आहे. बुऱ्हाणपुरात, सिंधीपुऱ्यातल्या एका भज्यांच्या दुकानात माझा जन्म गेला. मित्रांनो, काळी म्हणून मला नाक मुरडू नका. माझ्यातली कच्च्या केळ्याची भजी खायला लोक तापी ओलांडून जैनाबादहून यायचे!

मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या साली मथुराबाईंनी मला चुलीवर चढवलं आणि पहिलं तेल ओतलं. "हिला कधी रिती ठेवू नको रे," असं त्यांनी मुलाला, शालिग्रामला, बजावलं. पुढे त्या वारल्या, पण शालिग्रामने शब्द पाळला. दुकान बंद करताना तळाशी दोन पळ्या तेल राखायचं आणि सकाळी त्यावरच नवं ओतायचं. तब्बल चाळीस वर्षं! पहिल्या घाण्यातली भजी तो स्वतः खायचा, वर बिडी ओढायचा. "आईच्या हातचं तेल आहे," असं गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि मी आपली फुगायचे.

एका सकाळी त्याच्या हातातून झारा गळून पडला. "छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतंय," एवढंच बोलला आणि मटकन खाली बसला. आठ दिवस तो दवाखान्यात होता. मी चुलीवर थंड पडून होते, आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

तो परतला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. बिडी बंद, जळकं तेल बंद, अशी ताकीदही दिली होती. बिडी त्याने सोडली. तेलाचं नाव काढलं की मात्र बिथरायचा. "जान गेली तरी चालेल, कढई रिती होणार नाही!"

त्याची लेक शोभा शाळेत विज्ञान शिकवायची. एक दिवस ती माझ्याशेजारी पाट टाकून बसली.

"आप्पा, काळजाच्या प्रत्येक पेशीत बारीक बारीक चुली असतात. त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. अन्न आणि हवा वापरून त्या काळजाला ताकद देतात. चूल म्हटली की ठिणग्या उडणारच, त्या शरीर विझवतं. पण बिडीचा धूर, पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल, यांनी ठिणग्या वाढतात. विझवणं पुरं पडेना झालं की चुलीच भाजून निघतात. मग काळीज थकतं. ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात तो हाच."

"मग आईचं काय?" शालिग्रामने विचारलं. "तिचं एवढंच तर उरलंय, बेटा."

"कोण म्हणतं? त्या चुली बापाकडून येत नाहीत, आप्पा. फक्त आईकडून येतात. आजीने दिलेल्या चुली तुमच्या छातीत आहेत, आणि तुम्ही त्याच जाळत होता!"

त्याने छातीवर हात ठेवला. डोळे पुसले. मग म्हणाला, "धर गं तिकडचा कान."

दोघांनी मला डब्यात उपडी केली. शोभाने राखेने खसाखसा घासलं. अगं बाई, काय हायसं वाटलं म्हणून सांगू! चाळीस वर्षांत प्रथमच मला माझा तळ दिसला.

आता माझ्यात ताजं तेल पडतं, उरलेलं टाकून देतात. शालिग्राम रोज तापीकाठी चालून येतो आणि भजं एखादंच खातो. त्याला असा चालता-बोलता पाहिला की माझ्या मनावरचं ओझं उतरतं.

मित्रांनो, मला भोक पडलं तर बाजारात दुसरी कढई मिळेल. तुमच्या छातीतल्या चुली मात्र जपा. आईने दिलेल्या त्या चुली कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.