डावखुऱ्याचा दिवा

हेफिन दुकानात शिरला तो एक गोष्ट सांगून टाकायची असं ठरवूनच. पण खोऱ्यातले मेंढपाळ तुदूर आणि एलुनेड आधीच काउंटरला चिकटून उभे होते, आणि समोर दिवे मांडलेले होते.

खोऱ्यातल्या मेंढ्या व्यायला लागल्या की कोल्ह्यांचा बंदोबस्त हेफिनकडे. रात्री झोत टाकायचा, डोळे चमकले की गोळी. ऐन जवानीपासून तो हेच करत आला होता. त्याची बायको मेरेरिद मात्र कंटाळून दूर अ‍ॅबरिस्टविथ शहरात गेली, तिथं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात लागली. "हंगामाच्या आधी ये. नाहीतर राहू दे," एवढंच तिनं फोनवर सांगितलं होतं.

"या, सरकार!" म्हातारा तुदूर ओरडला. "सगळं खोरं मिळून घेतंय तुला दिवा. तुझी ती जुनी बॅटरी म्हणजे खांद्यावर धोंडा."

"पांढरा नको," दुकानदार गेथिन म्हणाला. "एकदा गोळीतून सुटलेला कोल्हा पांढरा झोत दिसला की पाठ फिरवतो. लाल घ्या."

हेफिननं मुद्दाम हातात धरायचा साधा दिवा उचलला. "हा बरा. कुणालाही जमेल. एलुनेड, तुझ्या लेकीचा नेम चांगला आहे..."

"ती दिवा धरेल की बंदूक?" एलुनेड म्हणाली. "त्याला दोन माणसं लागतात. आमच्याकडे एकाची मारामार."

गेथिननं बंदुकीवर बसणारा दिवा पुढे केला. "तुझा डावा हात चापावर, म्हणून बटण उजव्या हाताखाली येईल असं जोडलंय. खास तुझ्यासाठी, डावखुऱ्या. दुसऱ्याच्या कामाचा नाही हा."

मग त्यानं बॅटरीचा पट्टा हेफिनच्या कमरेला गुंडाळला. एलुनेडनं मागून तो आवळला.

"काचतोय?"

"काचतोय."

"होईल सवय," तुदूर हसला.

हेफिननं हातातला साधा दिवा काउंटरवर ठेवला. "मी यंदा नाहीये," तो म्हणाला. "मेरेरिदकडे चाललोय. कायमचा."

तुदूरचं हसू तसंच तोंडावर राहिलं. गेथिन उगाच वायर गुंडाळू लागला.

"जा बाबा," शेवटी एलुनेड म्हणाली. "संसार आहे तुझा. आम्ही बघू काहीतरी." तिनं पट्टा सोडायला हात घातला, पण तिची थंडीनं भेगाळलेली बोटं बकलावर घसरत होती. नवरा गेल्यापासून सगळा कळप ती एकटी सांभाळत होती. तिनं भांडण काढलं असतं तर त्याला निघणं सोपं गेलं असतं.

"राहू दे तो," हेफिनच्या तोंडून गेलं. "एवढा हंगाम काढतो."

बाहेर येऊन त्यानं मेरेरिदला फोन लावला. सगळं ऐकून तिनं विचारलं, "बॅटऱ्या किती घेतल्या?"

"दोन. एक संपली तर..."

"म्हणजे रात्रभराची सोय झाली," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

कोकरं मोठी झाल्यावर, मे महिन्यात, तो तिच्याकडे गेला. तिनं चहा दिला, गावातल्या सगळ्यांची खुशाली विचारली. त्याची पिशवी दाराशीच होती. ती आत घे असं ती म्हणाली नाही. संध्याकाळच्या बसनं तो परत आला. थांब्यावर तुदूर गाडी घेऊन उभा होता. तू येशील हे ठाऊकच होतं, असा त्याचा चेहरा. वरच्या कुरणात पुन्हा कोल्हा दिसलाय, असं तो वाटेत सांगत होता.