गारठ्यात राखलेले अंकुर

पौषातली पहाट. निफाडच्या रानावर धवल, निःशब्द, निष्ठुर गारठा उतरलेला. द्राक्षवेलींच्या पानापानांवर दव गोठलेलं, आणि ओळीओळींतून पेटलेल्या शेकोट्यांचा निळसर धूर बागेवर पांघरुणासारखा पसरलेला. थंडीने मणी तडकू नयेत म्हणून इथली माणसं पहाटे उठून वेलींना ऊब देतात. स्वतःच्या अंगावर मात्र तीच जुनी शाल.

हर्षला शेकोटीत छाटणीच्या काड्या घालत होती. ज्वाळा तांबूस, सोनसळी, चंचल. तिचं मन त्याहून चंचल. काल नाशिकच्या दवाखान्यातून पुन्हा फोन आला होता. लेकीच्या, ओवीच्या वेळी बनवलेले काही भ्रूण तिथे अजून गोठवून ठेवलेले. आणखी राखायचे, दुसऱ्या जोडप्याला द्यायचे, की नष्ट करायचे? आज उत्तर हवं होतं. ओवीच्या बाळंतपणात हर्षला कशीबशी वाचली होती. पुन्हा दिवस जाऊ द्यायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"कशाला घोर लावून घेते?" तिचा नवरा संपत हात शेकत म्हणाला. "विरळणीत जादा मणी आपण काढतोच ना? त्याशिवाय घड भरतो का?"

"मणी हाताला लागतात हो. यांना मी कधी शिवले तरी का?"

विरळणीत तिच्या बोटांची चपळाई गावात नावाजलेली. नाजूक, हिरवे, कोवळे मणी ती गाणं गुणगुणत काढायची, मागे वळून बघायची नाही. यंदा मात्र, दवाखान्याने पहिल्यांदा विचारलं तेव्हापासून, कात्री हातातच थांबायची. कुठला मणी ठेवायचा, कुठला काढायचा, आणि हे ठरवणारी आपण कोण? सरळ सांगायचं तर ती फार घाबरली होती.

कारण ओवीही त्यांच्यातलीच. त्याच हिमशीतल टाकीत, त्याच धूसर, स्वप्नहीन निद्रेत, त्यांच्याच शेजारी ती होती. डॉक्टरांनी उचलली ती ओवी झाली. राहिले ते राहिले. हात जरा अलीकडे पडला असता, तर?

जीव होते का ते? नसतीलही. पण मग गारठा वाढला की तिला त्यांचीच आठवण का यायची? ज्या थंडीला ती बागेतून हुसकावत होती, तीच थंडी तिकडे त्यांना राखत होती.

तेवढ्यात ओवी धावत आली. कानटोपी नाही, स्वेटर नाही, नाक लालबुंद.

"आई, माझे हात बघ ना!"

ते गारेगार, इवले, गुलाबी तळवे हर्षलाने छातीशी धरले. ऊब येईपर्यंत सोडले नाहीत.

उन्हं फाकली तसा तिने दवाखान्यात फोन लावला.

"मॅडम, टाकून नका देऊ. जिला मूल होत नाही अशा कुणाला तरी द्या." तिने आपली शाल ओवीभोवती गुंडाळली. "अन् तिला एवढं सांगा, थंडीचं जप म्हणावं."

फोन ठेवला आणि ती ढसाढसा रडली. उद्या जत्रेत, बाजारात, एसटीत ओवीच्या डोळ्यांचं कुणी दिसलं, तर ओळखही दाखवता येणार नव्हती.

ऊन चढलं. पिवळं, प्रसन्न, कनककोमल ऊन. दव वितळलं, बाग वाचली, माणसांनी एकेक शेकोटी विझवली. हर्षला मात्र काड्या घालतच राहिली.

संपतने पाहिलं. बांधावरचा काड्यांचा भारा उचलून त्याने तिच्याजवळ आणून ठेवला, आणि त्या लख्ख उन्हात, तिच्या शेजारी बसून, तोही एकेक काडी आत सारू लागला.