बापाच्या तोंडावर

हेंदार्तोनं त्या दिवशीही जीनचं जाकीट चढवलं होतं. वय साठीला टेकलेलं, केस कोळशानं रंगवल्यासारखे काळे, आणि जाकिटाची दोन्ही टोकं पोटावर भांडल्यासारखी एकमेकांपासून लांब. ईदनंतरच्या पहिल्या रविवारी जाकार्तातल्या त्याच्या घरी जुने शाळासोबती जमत. वर्षभरात कळत-नकळत जे बोललं-वागलं गेलं त्याची एकमेकांकडे माफी मागायची आणि मग नारळाच्या रसातली कोंबडी खायची, असा रिवाज. हेंदार्तोच्या गोतावळ्याला यातलं दुसरं आधी आठवत असे.

सुलास्मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. तीही त्याच वर्गातली, आणि त्याच वर्गातल्या सुगेंगची बायको. सुगेंगला जाऊन चार वर्षं झाली होती. ईदनंतरचे सहा उपास ती दरवर्षी धरी, म्हणून समोरच्या बिस्किटांच्या बरणीला तिनं हात लावला नव्हता. उपासात कुणाची निंदा करू नये, म्हणून ती बोलतही नव्हती. मनावर मात्र तिचा इलाज चालत नव्हता.

कारण उद्या सकाळी चित्रीकरण होतं. तिची मुलगी रातिह बापाच्या तरुणपणावर मालिका लिहीत होती, आणि 'त्या काळची भाषा' सांगायला तिनं हेंदार्तोकाकाला धरलं होतं. त्यानं सुगेंगच्या तोंडात असं काही कोंबलं होतं, की सुलास्मीनं ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला पाणी प्यावंसं वाटलं. सोळा वर्षांचा सुगेंग शाळेतून घरी येतो आणि सख्ख्या बापाला म्हणतो, "काय बोकाप, आज खिसा गरम दिसतोय! ढिला कर की जरा!"

बापक म्हणजे वडील. त्या शब्दाच्या पोटात 'ओक' घुसवायचा आणि शेपूट छाटायचं, की झालं बोकाप. मवाल्यांनी काढलेली बोली, पोरांनी उचललेली. एकदा चित्रित झालं की हे वाक्य देशभर घरोघर ऐकू जाणार होतं, आणि मेलेला माणूस उठून 'मी असं म्हटलं नव्हतं' असं सांगायला येणार नव्हता.

"आई, खरंच बोलायचे का गं बाबा असं?" रातिहनं सकाळीच विचारलं होतं.

"शाळेबाहेर, बसथांब्यावर. चार-पाच शब्द. तेही कान लाल करून."

"आणि घरी?"

"घरी कोण बोलेल? मीठ होतं गं ते. ताटभर मीठ कुणी खातं का?"

पण हेंदार्तो ताटभर वाढत होता. आत्ताही दिवाणखान्याच्या मधोमध उभा राहून तो रातिहच्या मोबाइलसमोर हातवारे करत होता. "उतरवून घे, पोरी! आम्ही उठता-बसता हेच बोलायचो. घरीदारी. मी तर आमच्या म्हाताऱ्याला तोंडावर बोकाप म्हणायचो. म्हातारा हसायचा!"

"काका, आई म्हणते घरी कुणी बोलत नसे."

"तुझ्या आईला काय ठाऊक?" हेंदार्तो डोळा मारून म्हणाला. "वहिनी पहिल्या बाकावरच्या. बाईंना फळा पुसून द्यायच्या. आम्ही मागच्या बाकावरचे वाघ!"

मागचा बाक सुलास्मीला चांगला आठवत होता. त्यावर वाघ बसत खरे, पण हा बसत नसे. हा दुसऱ्या बाकावर, वहीला कव्हर घालून. वाघांची बोली कानांनी गोळा करायची आणि चाळीस वर्षं उलटल्यावर आपली म्हणून विकायची, एवढाच याचा पराक्रम. ती मनात म्हणाली, अल्ला, उपास सांभाळ.

इतक्यात फाटकाशी मोटार थांबली. हेंदार्तोची धाकटी बहीण आत डोकावली. "दादा, बाबांना आणलंय. ऐकेचनात. म्हणाले, मोठ्याच्या घरी जायचंच."

हेंदार्तोचा हात हवेतच राहिला. मग जी धावपळ झाली ती बघण्यासारखी होती. जाकीट निघालं, सोफ्यामागे गेलं. "टोपी! अगं, माझी काळी टोपी कुठाय?" बायकोनं टोपी आणली. शर्टाची वरची दोन बटणं लागली. तोंडातली लवंगेची सिगारेट कुंडीत विझली आणि त्यावर माती लोटली गेली.

मांगुन आजोबा आत आले. नव्वदीचे, काडीसारखे, कानांनी अधू. त्यांना खुर्चीत बसवलं. आता माफीला सुरुवात थोरल्यापासूनच होणार. हेंदार्तो दारापासून गुडघ्यांवर सरकत खुर्चीपर्यंत गेला, बापाच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं, आणि जुन्या, भारदस्त जावानीज भाषेत, जी वडीलधाऱ्यांशिवाय कुणाशी बोलत नाहीत, पुटपुटला, "बाबा, जाणता-अजाणता या लेकराच्या हातून जे उणंअधिक घडलं असेल, ते आपण पोटात घालावं."

तेवढ्यात मागून योयोक ओरडला. तोच खरा मागच्या बाकावरचा. "अरे, बोकाप म्हण की! लाजतोस काय!"

सगळ्यांना हसू फुटलं. आजोबांनी कानामागे हात धरला. "काय म्हणतोय तो?"

"काही नाही, बाबा." हेंदार्तोनं मान वर केली नाही. "आपल्या तब्येतीची चौकशी करतोय."

रातिहचा मोबाइल अजून सगळं टिपतच होता. तिनं तो हळूच खाली घेतला आणि आईशेजारी येऊन बसली. "माझे बाबा त्यांच्या वडिलांना काय म्हणायचे?"

"बापक. तेही जमिनीकडे बघत."

"आणि शाळेतून आल्यावर?"

"काही नाही. चपला काढायच्या, आत जायचं. तुझे आजोबा घरात असले की बाबा पाणीसुद्धा आवाज न करता प्यायचे."

रातिहनं तिथंच बसून ते वाक्य खोडलं.

जेवून आजोबा आतल्या खोलीत आडवे झाले. दार लागल्याबरोबर जाकीट सोफ्यामागून बाहेर आलं. हेंदार्तो हात चोळत रातिहकडे वळला. "हां, कुठं होतो आपण?"

"तो प्रसंग बदलला, काका. सुगेंग घरी येतो आणि पाणी पितो."

"पाणी पितो? बस्स? अगं, मग लोक हसणार कशाला?"

"त्याची सोय झालीय, भावजी," सुलास्मी नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली. "तुमचं उतरवून घेतलंय तिनं. टोपीसकट."

योयोकला ठसका लागला. हेंदार्तो बायकोला कॉफी आणायला सांगू लागला, जी त्याच्या हातातच होती.

निघताना दाराशी त्यानं रिवाजाप्रमाणे हात पुढे केले. "वहिनी, आतून-बाहेरून माफ करा हं."

सुलास्मीनं बोटांची टोकं टेकवली, न टेकवल्यासारखी. "केलं," ती म्हणाली, आणि तिनंही रिवाजाप्रमाणे माफी मागितली. टोपीच्या वाक्याची माफी मात्र तिनं त्यात धरली नाही. ती तिला पुढच्या ईदलाही मागायची नव्हती.