आतला कठडा

जावयाला रागावता येत नाही, ही आबांची खरी अडचण होती. पोटचा मुलगा असता तर त्याच्या हातातली पट्टी त्यांनी सकाळीच काढून घेतली असती. पण हे पडले जावईबापू, आणि वर इंजिनिअर. खऱ्या नद्यांवर पूल बांधणाऱ्या माणसाला टेबलावरच्या खेळण्यातल्या रेल्वेचा पूल शिकवायचा कसा?

पाच वाजता लेक आईला दवाखान्यातून घरी आणणार होती. दोन महिन्यांपूर्वी याच खोलीत पडदे काढताना बायकोचा स्टुलावरून तोल गेला, ती टेबलावर आदळली आणि खुब्याच्या हाडाबरोबर आबांचा वीस वर्षं जुना, काड्यांचा पूलही मोडला. हाडाचं तिने कधी नाव काढलं नाही. भेटायला गेलं की एकच, "तुमचा पूल मोडला हो मी." ऐकून ऐकून आबांचे कान किटले होते आणि जीवही तुटत होता. ती दारात येईल तेव्हा गाडी पुलावरून धावत असली पाहिजे, म्हणजे हे रडगाणं एकदाचं थांबेल.

"कठडे फार जवळ होतायत, जावईबापू," ते सकाळीच म्हणाले होते.

"मोजलंय, बाबा. डब्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर."

"पण पूल वळणावर आहे. लांब गाडी वळताना तिचं पोट आतल्या बाजूला येतं. चौतीस वर्षं बस चालवलीय मी."

"बसचं वेगळं असतं, बाबा," जावईबापू हसले.

"असू दे, असू दे," म्हणत आबांनी राग गिळला. दिवसभरात असे सहा घोट झाले.

साडेचारला शेवटची काडी चिकटली. "आता शंभर वर्षं हलत नाही," जावईबापूंनी जाहीर केलं. गाडी सुरू केली. इंजिन पुलावरून गेलं. मालडबे गेले. मग आला निळा जेवणाचा डबा, सगळ्यांत लांब, आणि पुलाच्या मध्यावर आतल्या कठड्याला असा घासून अडकला की इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत कण्हायला लागलं.

"हा डबा काढून ठेवू," जावईबापू म्हणाले. "एका डब्याने काय बिघडतं?"

नेमका हाच डबा! बायकोने डोळ्याला भिंग लावून रंगवलेला. खिडकी-खिडकीत तिने सासरचं एकेक माणूस बसवलं होतं, पहिल्या खिडकीत तोंड वाकडं केलेल्या सासूबाई. आज तोच डबा बाजूला दिसला तर ती काय समजणार? पुलाचा राग डब्यावर काढला, असंच.

"हा डबा पुलावरून जाईल, नाहीतर गाडीच जाणार नाही!" आबा कडाडले. "कापा तो कठडा!"

"अहो बाबा, सगळं डिझाईनच..."

"चुलीत गेलं डिझाईन!"

लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण सासऱ्यांचा हा आवाज जावईबापू पहिल्यांदाच ऐकत होते. तेवढ्यात दारात काठी वाजली. लेकीचा हात धरून बायको उंबऱ्याशीच थांबली होती.

"मी नाही आत येत," ती म्हणाली. "परत काहीतरी मोडायची मी." मग तिची नजर पुलावर गेली. "माझा डबा का अडकलाय?"

"कठडा आड येतोय. आणि आमचे इंजिनिअर कापू देत नाहीत."

बायको लेकीचा हात सोडून हळूहळू टेबलापर्यंत आली. चष्मा सारखा केला. दुसऱ्या हाताने टेबल घट्ट धरलं, काठीची मूठ आतल्या कठड्यात अडकवली आणि जावई "आई, नको, नको" म्हणेपर्यंत आपल्याकडे ओढली. चिकटवलेलं काही सुटलं नाही. काड्याच कडकन मोडल्या. निळा डबा हिसका देऊन सुटला आणि सासूबाईंसकट पूल पार करून गेला.

"अगं बाई," ती पुटपुटली. "परत मोडला की हो मी."

आबांना हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"बस इथे," ते म्हणाले. "बाहेरचा कठडा अजून शिल्लक आहे."