पुढं धूळ नव्हती

इतिहास उशिरा का होईना न्याय करतो, यावर राजशेखर निटुरे यांची पूर्ण श्रद्धा होती. इतिहासाला याची कल्पना नव्हती. तेहतीस वर्षं दोघं आपापल्या कामात होते. इतिहास कुठंतरी दिल्लीकडं, आणि राजशेखर लातुरात 'विजेता मोटर ड्रायव्हिंग स्कूल' चालवत.

नावातला विजेता म्हणजे ते स्वतः. कशातला, ते शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिला गिअर टाकण्याआधी ऐकावं लागे. ब्याण्णव साली, येळवशीच्या, म्हणजे शेतात जेवायच्या वेळा अमावस्येच्या, दुसऱ्या दिवशी, चाकूरच्या माळावर मोटारसायकलींची शर्यत झाली होती. खड्डे, उंचवटे, दगड, मधे एक ओढ्याचं कोरडं पात्र. पुण्याकडं त्याला मोटोक्रॉस म्हणतात हे कळल्यावर इकडच्यांनीही म्हटलं. नऊ जण उतरले होते. आदल्या दिवशी शेतात आंबील आणि भज्जी हाणलेली असल्यानं निम्मे स्वार झोपेत होते, आणि उरलेल्या निम्म्यांना ब्रेक नव्हते. फेऱ्या दहा. त्या माळावर पुन्हा कधी शर्यत झाली नाही, म्हणून तिथला विक्रम अजून अबाधित आहे.

राजशेखरांची येझदी होती. चौथ्या फेरीत ते घसरून बाभळीत गेले. हा प्रसंग ते आवाज खाली आणून सांगत. "पडलो, उठलो, काटे उपटले, किक मारली. अन् बघतो तर काय, पुढं धूळच न्हाई. मोकळा रस्ता. समदे माझ्या मागं." पडूनसुद्धा सगळ्यांना मागं टाकणारा माणूस म्हणून ते त्या दिवसापासून स्वतःकडं बघत आले होते.

याला पुरावा होता. पुरावा म्हणजे पंढरी. पंढरी चाकूरचा, नवाच एस्टीत कंडक्टर लागलेला, आणि राजशेखरांचा भक्त. अंतिम रेषेपाशी उभं राहून, पहिली गाडी पुढून गेली की तो चिमट्यानं तिकिटाला एक भोक पाडत होता. दहावं भोक पडलं, झेंडा खाली आला नाही. उलट पंचांच्या टेबलावरून "नऊ!" अशी आरोळी आली. शर्यत आणखी एक फेरी चालली, त्या फेरीत राजशेखरांची चेन उतरली, आणि झेंडा पडला तो भोकरच्या सुदर्शन जाधवच्या राजदूतवर.

दुसरा पुरावा फोटो. फोटोग्राफरनं नेमका पंढरीच्या दहाव्या भोकाचा क्षण टिपला होता. रेषेवर राजशेखरांची येझदी, पुढं कुणी नाही, मागं दोन हातांवर सुदर्शन. हा फोटो शाळेत वाहतुकीच्या चिन्हांच्या तक्त्याशेजारी लावलेला होता. शिकाऊ लोक त्यालाही एक चिन्हच समजत.

तर दहावी फेरी राजशेखरांनी जिंकली आणि पंचांनी अकरा पळवल्या, एवढंच प्रकरण. कप सुदर्शनला गेला, आणि पुण्याच्या मोठ्या शर्यतीत जाण्याचा मानही. सुदर्शन पुण्याला गेला, पहिल्याच वळणावर पडला, गळ्याजवळचं हाड मोडून घेतलं, आणि परत येऊन भोकरला बियाणांचं दुकान टाकलं. ते पडणंसुद्धा खरं तर आपल्या वाट्याचं होतं, असं राजशेखरांना वाटे.

यंदा पंढरी एस्टीतून निवृत्त झाला आणि निवृत्त माणसं करतात ते त्यानं केलं. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. नाव 'धुरळा परिवार'. लातूर-नांदेडकडचे जुने स्वार आणि शौकीन मिळून साठ जण भरले. दोन महिने सुप्रभात, शुगरवर कारल्याचा रस आणि कुणाच्या तरी नातवाचा पहिला नंबर एवढंच चाललं होतं. मग स्नेहमेळावा ठरला. तारीख पितृपक्षातली, कारण त्या पंधरवड्यात मंगल कार्यालयं रिकामी असतात. कार्यालयही त्याच माळावर उभं राहिलेलं. जिथून झेंडा पडला होता तिथं आता वधूपक्षाची खोली होती.

राजशेखरांनी ग्रुपवर एकच मागणी टाकली. मेळाव्यात मलप्पांना बोलवावं आणि त्यांनी सर्वांसमक्ष सांगावं, फेऱ्या किती झाल्या. मलप्पा म्हणजे त्या दिवशी फेऱ्या मोजणारे गृहस्थ. मूळचे लातूरच्या मोंढ्यातले मापाडी. आयोजकांना वाटलं, आयुष्यभर धान्याची मापं मोजलेला माणूस गाड्याही मोजील. आता वय चौऱ्याऐंशी, पण डोकं शाबूत असल्याची खात्री राजशेखरांनी करून घेतली होती.

घरी रुद्राणीबाईंनी इस्त्रीचा शर्ट हातात देताना विचारलं, "समजा ठरलं तुमी जिंकलात. मंग?"

"मंग काय. ठरलं."

"न्हाई म्हंजे, बोर्ड बदलनार का?"

"बोर्डावर विजेताच हाय की."

"तेच म्हनून राहिले मी," बाई म्हणाल्या, आणि दूध बघायला आत गेल्या.

राजशेखरांकडं उत्तर नव्हतं असं नाही. ते सांगण्यासारखं नव्हतं. तेहतीस वर्षांत जे जे झालं नाही, ते सगळं त्यांनी त्या एका फेरीच्या नावावर मांडून ठेवलं होतं. आर्टीओतली नोकरी लागली नाही, गुडघा गेला, मुलगी वर्षाराणी बापाची शाळा सोडून कोचिंग क्लासच्या ऑफिसात लागली, आणि आता लोक गाडी फोनवर बघून शिकतात. या सगळ्याच्या मुळाशी आपण नसून ती चोरलेली फेरी आहे, एवढं एकदा चारचौघांत म्हटलं जावं, मग बाकीचं तसंच राहिलं तरी त्यांची हरकत नव्हती. तसंच राहणार होतं.

मलप्पांना त्यांनी शाळेच्याच गाडीतून नेलं. बाजूच्या सीटखालीही ब्रेक असलेली गाडी. म्हातारबुवा प्रत्येक वळणावर तो दाबत होते. वाटेत राजशेखरांनी शर्यतीचा विषय काढला नाही. साक्षीदाराला पढवून नेणारा तो खोटा, आणि आपली बाजू खरी. मलप्पा सोयाबीनच्या भावावर बोलत राहिले.

साठांपैकी बावीस आले. सुरुवात चांगली झाली. एकानं खास आठवणीसाठी, जुन्या गाड्यांच्या पेट्रोलमधे मिसळायच्या टू-टी ऑइलची बाटली आणली होती. ती सगळ्यांच्या नाकाखालून फिरली, आणि पाच-सहा जणांचे डोळे भरून आले. मग आठवणी निघाल्या. उदगीरच्या सिद्धरामनं ओढा एका उडीत पार केल्याचं सांगितलं. त्याच ओढ्यात त्याला चौघांनी उचलून बाहेर काढल्याचं त्या चौघांपैकी दोघांनी सांगितलं. सायलेन्सर काढल्यावर गाडी किती पळे यावर वाद झाला, मग सायलेन्सर काढल्यावर ऐकू किती कमी येतं यावर एकमत झालं, कारण प्रश्न दोनदा विचारावा लागत होता. पूर्वीचा जोश आता राहिला नाही असं सगळे म्हणाले. येताना बहुतेक जण स्कूटीवर आले होते.

सुदर्शन जाधव भोकरहून एस्टीनं आला. पिशवीत कप होता. राजशेखरांनी त्याच्याशी तेहतीस वर्षं धड बोलणं केलं नव्हतं. सुदर्शन मात्र सरळ त्यांच्या शेजारी येऊन बसला.

"राजप्पा, खरं सांगू का," तो म्हणाला. "मला बी कधी खात्री वाटली न्हाई. धूळ एवढी, मला तर माझा हात दिसत नव्हता. आज मलप्पामामा म्हनले अकरा झाल्या, तर कप तुमचा. मी आनलाच हाय."

शत्रू इतका चांगला निघेल याची राजशेखरांनी तयारी केली नव्हती.

जेवणाआधी मलप्पांना माईकपाशी खुर्ची दिली. पंढरीनं प्लास्टिकच्या पाकिटातून पिवळं पडलेलं तिकीट काढलं, दहा भोकं उजेडाला धरून सगळ्यांना दाखवली, आणि कंडक्टरच्या आवाजात प्रश्न विचारला. फेऱ्या किती झाल्या?

"धा," मलप्पा म्हणाले. "अन् लाभ."

सभागृहात कुजबूज झाली. मोंढ्यात धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, हे तिथं सगळ्यांनाच माहीत होतं. पण लाभानंतर लोक दोन म्हणतात. तसं पंढरीनं विचारलं.

"लोक म्हनत असतील," मलप्पा म्हणाले. "आमच्या आडतीत लाभ देवाचा. त्यो बाजूला काढायचा अन् मंग एकपासून मोजायचं. मालकानं तसंच शिकिवलं. मी पन्नास वर्षं तसंच मोजलं, कुन्या शेतकऱ्यानं तक्रार केली न्हाई. आता गाड्या आल्या म्हनून देवाचं माप बुडवायचं का?"

म्हणजे अकरा. पहिली फेरी देवाला गेली होती. पंचांनी कट केला नव्हता, पक्षपात केला नव्हता. चाकूरच्या माळावरच्या त्या एकमेव शर्यतीत दहा फेऱ्या माणसांच्या झाल्या आणि एक देवाची, आणि देवाची कुणी विचारात घेतली नव्हती. बावीस जणांनी टाळ्या वाजवल्या. सिद्धराम उठून उभा राहिला. सुदर्शननं पिशवीतून कप काढला, रुमालानं पुसला आणि राजशेखरांच्या हातात दिला. पंढरी उघड रडत होता.

राजशेखरांनी कप छातीशी धरला. तो त्यांना वाटला होता त्यापेक्षा हलका होता. त्यांनी चार वाक्यं तयार करून आणली होती, त्यातलं एकही आठवेना. शेवटी पाचवंच बोलले. "मी म्हनत होतो. पुढं धूळ नव्हती."

मलप्पांनी माईक अजून सोडला नव्हता. "कशी असंल?" ते म्हणाले. "समदे कवाच गेल्ते की."

हसू झालं. राजशेखरही हसले. पंढरीनं म्हाताऱ्याला समजावल्यासारखं सांगितलं की मामा, दहाव्या फेरीचं चाललंय, फोटोतलं. राजप्पा पुढं, सुदर्शनराव मागं. त्यानं फोटोही समोर धरला.

मलप्पांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला.

"हाव, बरोबर हाय," ते म्हणाले. "मी नऊ ढीग केल्ते, एकेका गाडीचा येगळा. गाडी गेली की तिच्या ढिगात तुरीचा एक दाना. मोंढ्यात एकाचं माप दुसऱ्याच्या ढिगात जात नसतंय. ह्यो फोटू काढला तवा आधी राजप्पाच्या ढिगात दाना टाकला, लगेच सुदर्शनरावच्या. लाभ धरून राजप्पाचा झाला नववा. सुदर्शनरावचा धावा."

कुणी हसलं नाही.

"तुमी बाभळीत गेल्ता न्हवं का," मलप्पा राजशेखरांकडं वळून मायेनं म्हणाले. "काटे काढत बसल्ता. मी तंवर पान लावून खाल्लं. तुमी उठलात तवा समदे पुढं निघून गेल्ते, धूळ बी खाली बसली व्हती. मंग सुदर्शनराव एक फेरी जास्तीची मारून मागनं आले. म्हनून फोटूत मागं दिसून राहिले."

पंढरीनं तिकीट उजेडाला धरलं. भोकं दहाच होती. पहिली गाडी पुढून गेली की एक भोक, असंच त्यानं तेहतीस वर्षं सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. पहिली गाडी कुणाची, हे तिकिटावर नव्हतं. त्यानं ते प्लास्टिकच्या पाकिटात परत घातलं, आणि पाकीट खिशात कुठं ठेवावं ते न कळल्यासारखा उभा राहिला.

कप राजशेखरांच्या हातात होता. तो परत द्यायचा की ठेवायचा याची पद्धत कुणाला माहीत नव्हती. सुदर्शन म्हणाला, "राहू द्या राजप्पा, माझ्याकडं तरी काय करायचा." यापेक्षा त्यानं हिसकावून घेतला असता तर बरं झालं असतं. राजशेखरांनी कप टेबलावर, हारांच्या शेजारी ठेवला. मग कुणीतरी जेवणं वाढल्याचं सांगितलं, आणि सगळे नेहमीपेक्षा जरा लवकर उठले.

पंगतीत विषय गुडघ्यांचा निघाला. शस्त्रक्रिया लातुरात करावी की नांदेडला, यावर चांगली चर्चा झाली. राजशेखरांना दोनदा भात वाढला गेला, त्यांनी दोन्ही वेळा नको म्हटलं नाही.

मलप्पांना पोचवायचं काम त्यांच्याकडंच होतं. परतीच्या वाटेवर उरलेला माळ लागला. दगडी खुंट रोवून त्याचे प्लॉट पाडलेले. बाभळी केव्हाच तोडल्या होत्या. रस्त्यावर पुढं कुणी नव्हतं, मागंही नव्हतं. म्हातारबुवा वळणावळणाला त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबत होते. राजशेखरांनी विचारलं की बाकीच्या सात जणांचे ढीग आठवतात का.

मलप्पांना आठवत होते. त्यांनी एकेक नाव घेऊन सांगितले.

शर्यतीत नऊ गाड्या होत्या. राजशेखर नववे आले होते.